जिवंतांच्या पेटीतली काच

मी, प्रेमला, कैलासवासी नारायण वामन खरवंडीकर यांची पत्नी, वय अठ्ठावन्न, धंदा फोटोंचे रिटचिंग, राहणार कोपरगाव, जिल्हा अहमदनगर, हे मृत्युपत्र राजीखुशीने व स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला आहे. उजवा अजून काम देतो, आणि तो देतो आहे तोवर लिहून व्हावे म्हणून ही घाई. माझ्यावर कोणाचा दाब नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. नदीकडे जाणाऱ्या रस्त्यावरील राहते घर व त्यातील फोटोचे दुकान माझ्या पतीने मला पूर्ण मालकी हक्काने दिले. ते मी माझे धाकटे दीर यज्ञेश्वर वामन खरवंडीकर यांस देते. मोठा कॅमेरा, त्याची तिकाटी, काळा पडदा व मागे लावायची रंगवलेली बाग हेही त्यांचेच. त्या बागेतला मोर मी काढलेला आहे. त्याचा एक पाय चुकला आहे. तो कोणी दुरुस्त करू नये, गिऱ्हाइके त्याच्यासमोर उभी राहतातच.

कलम २. पोस्टात माझ्या नावे जे काही असेल त्यातून माझे दिवस साधेपणाने करावेत. उरेल ते गावातील मुलींच्या शाळेस रंग व कागदासाठी द्यावे. मुलींना घागर आणि पेरू काढायला लावू नये. मला पुण्याच्या कॉन्व्हेंटात सिस्टर अग्नेस यांनी दोन वर्षे तेच काढायला लावले. मुलींनी एकमेकींचे चेहरे काढावेत. आमच्या कॉन्व्हेंटात आरसा नव्हता. स्वतःचे तोंड पाहणे हा गर्व समजत. माझे वडील दौंडला रेल्वेत कारकून होते. त्यांनी मला शिकवले हे त्यांचे उपकार, पण मी कशी दिसते हे मला पहिल्यांदा नीट कळले ते लग्नानंतर, पतीने काढलेल्या फोटोत. मी म्हणाले, "ही कोण?" ते म्हणाले, "आता रोज बघावी लागणार आहे, ओळख करून घे."

कलम ३. हे कलम यज्ञेश्वर भावोजींबद्दल आहे. त्यांनी ते रागावून न वाचता सबंध वाचावे.

आमच्या दुकानात फोटोच्या काचा, ज्यांवरून कागदावर प्रती काढतात त्या, दोन पेट्यांत ठेवण्याची रीत माझ्या पतीने घातली. एक पेटी जिवंत माणसांची, एक गेलेल्यांची. माणूस गेल्याचे कळले की त्याची काच दुसऱ्या पेटीत जाई. कारण त्या घरचे लोक आज ना उद्या मोठी तसबीर करायला येत, आणि ती काच फुटली तर माणूस पुन्हा आणता येत नसे.

आमची एकुलती एक मुलगी शोभा १९२२ साली विषमज्वराने गेली. तिला आठवे लागले होते. तिची एकच काच होती. ती गेलेल्यांच्या पेटीत ठेवायला पतीचा हात धजला नाही, माझाही नाही. ती जिवंतांच्या पेटीतच राहिली. तिच्यावरून काढलेली एकच प्रत पतीच्या खिशात असे. १९३१ साली ते गेले तेव्हा मी ती त्यांच्याबरोबर जाऊ दिली. भावोजी म्हणाले होते, "वहिनी, ठेवून घ्या." मी म्हणाले, "काच आहे ना आपल्याकडे."

लढाईच्या दिवसांत तसबिरींना काच मिळेनाशी झाली. भावोजींनी जुन्या काचा गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून खरवडल्या आणि चौकटींना लावल्या. मी तेव्हा आजारी भावाकडे दौंडला होते. परत आले तर पेटी रिकामी. मी विचारले, तेव्हा ते मोठ्या समाधानाने म्हणाले, "गेलेल्यांच्या पेटीला बोटसुद्धा लावलं नाही, वहिनी. जिवंतांच्याच धुतल्या. ते काय, पुन्हा येऊन बसतील!"

नंतर त्यांना माझे तोंड दिसले. ते तिथेच जमिनीवर बसले. शोभाची काच त्या पेटीत आहे हे त्यांना ठाऊक नव्हते, हे मी मान्य करते. ती काच कोणत्या चौकटीला लागली हे त्यांनाही सांगता आले नाही. अजून मी कोणाकडे गेले की आधी भिंतीवरच्या तसबिरींच्या काचा पाहते. माझ्या मनात त्यांच्याविषयी काही किल्मिष उरलेले नाही असे येथे लिहिणार होते. परंतु मृत्युपत्रात खोटे असू नये. थोडे उरले आहे. घर मात्र त्यांचेच, त्यात बदल नाही.

कलम ४. माझी तसबीर.

शोभा माझ्यावर गेली आहे असे सगळे म्हणत. म्हणून काच गेल्यावर मी उत्तरेच्या खिडकीशी कॅमेऱ्यासमोर बसू लागले. भावोजी काच चढवीत आणि पडदा काढीत. मग मी पेन्सिल घेऊन काचेवरच्या माझ्या चेहऱ्याची एकेक सुरकुती भरून काढी. गावातल्या कितीतरी बायकांना मी असे तरुण केले आहे, काहींच्या गळ्यात नसलेले सरही घातले आहेत. वाटले, वये उतरवत गेले की खाली कोठेतरी शोभा सापडेल. ती सापडली नाही. सुरकुत्या गेल्या तशी मी कॉन्व्हेंटातली प्रेमला झाले. त्या मुलीला शोभा अजून झालेलीच नव्हती. तिला माझ्या लेकीची काही माहिती नव्हती.

म्हणून माझ्यामागे भिंतीवर लावायची ती मागच्या दिवाळीत काढलेली तसबीर, रिटचिंग न केलेली. भावोजी म्हणाले, "वहिनी, लोक म्हणतील, दुसऱ्यांच्या बायका गोऱ्या केल्या आणि घरची तशीच सोडली."

"म्हणू देत," मी म्हणाले.

त्या सुरकुत्यांपैकी बऱ्याचशा शोभाच्या आजारपणातल्या आहेत. त्यांना पेन्सिल लावू नये.

कलम ५. माझ्या खोलीत जलरंगातले एका मुलीचे चित्र आहे. ते मी माझ्या त्या फोटोंवरून आणि आठवणीवरून काढले. येणारे जाणारे विचारत, "लहानपणी अशा दिसत होतात होय?" मी नाही म्हणत नसे, हो म्हणत नसे. मी गेल्यावर हे चित्र माझे म्हणून लावतील किंवा शोभाचे म्हणून लावतील. दोन्ही मला नको आहे, आणि का नको ते सांगण्यासाठीच मुख्यतः मी हे मृत्युपत्र करीत आहे.

आमच्या शेजारच्या मळ्यातली छबू ही शोभाची खेळगडी. आता ती छबूबाई कारभारी वाकचौरे, राहणार संवत्सर. बाजाराला आली की माझ्याकडे पाणी पिऊन जाते. गेल्या पावसाळ्यात तिला मी चित्र दाखवले. ती वाकून पाहू लागली.

"कोण हाय ही?"

"शोभा."

"न्हाई काकू. ही शोभी न्हाई."

मला राग आला. मी म्हणाले, "आई मी आहे, छबू."

"आवं आई हाय तर मंग! शोभी तोंड मिटून कवा बसली हुती? फुडचे दोन दात पडल्याले. हसायची तवा असा आडवा हात धरायची, आन बोटांच्या फटीतून समदं दिसायचं. मी तिला बोळकी म्हनायची. मला लई मारायची त्यापायी."

तिने तसा हात धरून दाखवला. मला आठवले. इतकी वर्षे मला हे आठवले नव्हते. फोटोच्या दिवशी तिच्या वडिलांनी तिला बजावले होते, "तोंड मिट, हलू नकोस," आणि ती माझ्या समाधानासाठी क्षणभर शहाण्यासारखी बसली होती. तेवढीच मी जपली. काच धुतली गेली तेव्हा मी जिच्यासाठी रडले ती काचेवरची शोभा होती. छबूकडे दुसरी होती.

त्या रात्री ओल्या कुंचल्याने मी चित्रातले ओठ पुसून काढले. तिथे हात काढायचा म्हणून पुष्कळ बसले. छबूचा हात दिसे, माझा दिसे, तिचा दिसेना. बोटे कशी होती, मला सांगता येत नाही. आता डोळाही साथ देत नाही. नाकाखाली कागद कोरा आहे.

हे चित्र छबूबाई हिला द्यावे. भावोजींनी किंवा दुसऱ्या कोणी, चांगल्या हेतूनेसुद्धा, कोरी जागा रंगवू नये. चित्राखाली नाव घालू नये, हार घालू नये. छबूबाईच्या घरी कोणी विचारले, ही कोण, तर तिने जेवढे आठवेल तेवढे सांगावे. आठवणार नाही ते सांगू नये.

वरील मजकूर मी लिहिला, दोन्ही साक्षीदारांसमक्ष मोठ्याने वाचला आणि त्यांच्यासमक्ष सही केली. वाचताना पाचव्या कलमाशी थांबावे लागले, तेथून पुढे वैद्यबुवांनी वाचले. मजकूर माझाच आहे.

सही : प्रेमला नारायण खरवंडीकर

साक्षीदार :
१. रंगनाथ बळवंत पोहनेरकर, वैद्य, कोपरगाव
२. काकासाहेब भागूजी गवारे, शेती, कोपरगाव

मुक्काम कोपरगाव, तारीख ९ फेब्रुवारी १९४६