शिवेबाहेरचा निवारा

कोयनानगर,
१७ जुलै

ती. आत्या,
जिनेशचा सा. न. वि. वि. आणि जय जिनेंद्र.

आठवडाभर तुझा फोन बंद लागला तेव्हा वाटलं, सांगलीच्या सभेचा राग अजून गेलेला नाही. मग तुझ्या सूनबाईंनी, म्हणजे रूपाली वहिनींनी खुलासा केला, की चातुर्मासापुरता तू मोबाईलचा त्याग केला आहेस आणि गावची शीव ओलांडायची नाही असाही नियम घेतला आहेस. म्हणून कित्येक वर्षांनी पेन धरलं. पोस्टात पाकीट मागितलं तर तिथल्या बाईंनी मला नीट निरखून पाहिलं.

आता मुद्द्याचं. आम्ही पुराचा अंदाज काढणारे, नदीकाठची गावं आणि प्रांतसाहेब, अशा तिघांची ती सभा होती. तू आणि तुझ्या गल्लीतल्या बायका मधूनच उठून गेलात आणि खरं सांगायचं ते नेमकं त्यानंतर होतं. कोयनेतून मोठं पाणी सोडावं लागलं आणि तुमच्याकडेही पाऊस असला, तर तुझी गल्ली सगळ्यात आधी बुडते. मोबाईलवर संदेश येईल, तो आला की शेजारच्या गावातल्या गोदामात राहायला जायचं. मोबाईल तू सोडलास आणि ते गोदाम तुझ्या शिवेबाहेर आहे. आता काय करायचं ते तूच सांग.

माया असू दे, आणि उत्तर पाण्याच्या आधी येऊ दे.
तुझा
जिनेश


कुरणवाडी, जि. सांगली
२४ जुलै

चि. जिनेश यास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर पाचवीत होतं तिथंच आहे. आम्ही मधूनच उठलो नाही, दिवस मावळायला आला म्हणून उठलो. दुपारभर साहेबांचा सत्कार, तुमच्या मोठ्या सरांचा सत्कार, त्या सत्काराला उत्तर, आणि पूर मात्र दिवेलागणीनंतर. गल्लीभर जैन बायका बोलावल्यात आणि अंधार पडताना बटाटेवडे मांडलेत. आमच्या गल्लीतली ब्राह्मीची आजी वाटेत म्हणाली, ह्येंला आमी कवा जेवतो ते ठावं न्हाई, पानी कवा येनार ते कसं ठावं असंल? तुला उत्तर सुचलं तर कळव.

नियमाचं म्हणशील, तर तो काही सरकारी आदेश नव्हे, मागाहून शुद्धिपत्रक काढायला. नियम देणाऱ्या मुनिमहाराजांनी सांगितलंय की जिवावर बेतलं तर खुशाल बाहेर पडा. पण आमच्या बायका त्याचा अर्थ असा काढतात, की जिवावर बेतेपर्यंत बसून राहायचं. खरं सांगते, मीही त्यातलीच. गेल्या मोठ्या पुरात पाणी देवळाच्या पायरीशी थांबलं, त्याच्या वर ते येत नाही असं आम्ही धरून चालतो. आणि आम्हाला उठा म्हणणारे तुम्ही कोण? कोयनेला जमीन हादरली तरी तुम्ही पांघरूण ओढून झोपता.

एक विचारते. माळावरचं हायस्कूल आमच्या शिवेत आहे. तिथं पाणी येतं का? समुद्रसपाटीपासून किती ते सांगू नकोस, समुद्र मी पाहिलेला नाही.

रागावलास तरी लिहीत राहा.
तुझी आत्या
आक्काताई


कोयनानगर,
२ ऑगस्ट

ती. आत्या,
सा. न. वि. वि.

वडे आणि वेळ, दोन्ही चुका आमच्या. कबूल.

हायस्कूलमध्ये पाणी येत नाही, व्हरांड्यालाही लागत नाही. पण देवळाच्या पायरीचा भरवसा सोड. त्या पुरानंतर गावाच्या खालच्या अंगाला रस्त्याचा भराव पडला आहे, आता पाणी तिथं तुंबतं. तुझ्या दाराची चौकट बुडते, अगदी वरच्या पट्टीसकट. मी पुन्हा पुन्हा हिशेब केला, कारण तो चुकलेला निघावा असं मला वाटत होतं.

हायस्कूलचं प्रांतसाहेबांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, गोदामाचा आदेश निघाला आहे आणि बायकांच्या नियमाचा रकाना आमच्या तक्त्यात नाही. असू दे. वहिनींचा फोन वाजला की तू हायस्कूलपर्यंत तरी चाल, पुढचं पुढे बघू. आई गेल्यावर मला तूच वाढवलंस. मी तुझ्यापाशी फार काही मागितलेलं नाही, एवढं मागतो.

तुझाच
जिनेश


कोयनानगर,
१९ ऑगस्ट

ती. आत्या, सा. न. वि. वि.

संदेश गेला आहे. आज धरणाचे दरवाजे वर घेतले तेव्हा मी तिथंच होतो. आकडे आमचेच होते, पाणी सोडण्यावाचून इलाज नव्हता. तरी ते कुणाच्या दारात जाणार हे माहीत असताना बघवलं नाही. घाटात दरड कोसळली आहे, मला येता येत नाही. वहिनींचा फोन आता लागत नाही. हे पत्र पाण्याच्या मागून पोचेल. तू उठलीस का, तेवढं कळव. शिव्या घालून कळवलंस तरी चालेल.

जिनेश


कुरणवाडी,
२७ ऑगस्ट

चि. जिनेश यास अनेक आशीर्वाद.

उठले. आधी तेच लिहिते, म्हणजे पुढचं तू निवांत वाचशील.

रूपालीने संदेश वाचून दाखवला. गल्लीत कोणी हलेना. सगळ्या म्हणाल्या, पायरीला पानी लागू दे, मग बघू. मीही तेच म्हणणार होते. पण हिशेब चुकावा म्हणून तू तो पुन्हा पुन्हा केलास, ते आठवलं. आपलंच खोटं ठरावं म्हणून धडपडणारा माणूस उगाच भीती घालत नाही. मी तांदळाचा डबा उचलला आणि चालू लागले. मग ब्राह्मीची आजी म्हणाली, आक्काताई निगाली म्हंजे खरं हाय, आणि गल्ली मागोमाग आली.

हायस्कुलात टेकलो तोच गोदामाला न्यायला ट्रक आले. आम्ही बसून राहिलो. शेवटी प्रांतसाहेब स्वतः चिखल तुडवत आले. मी त्यांना नियम सांगितला, जेवणाची वेळही सांगितली. त्यांनी विचारलं, इथं पाणी येणार नाही कशावरून? म्हटलं, माझा भाचा सांगतो. ते म्हणाले, मलाही त्यानेच सांगितलं होतं. मग मला कशाला विचारता, म्हटलं. माणूस हसला, वाईट नाही. गाद्या, पातेली, डॉक्टर सगळं गोदामातून हायस्कूलला आलं आणि जेवण उजेडात मिळालं. छप्पर मात्र सगळीकडून गळत होतं, ते तुझ्या हिशेबात नव्हतं.

घराची चौकट बुडाली, वरच्या पट्टीसकट. देवळाची पायरी तर दिसतच नव्हती. तिथंच बसलो असतो तर हे पत्र तुला रूपालीने लिहिलं असतं, किंवा कोणीच नाही.

पाणी सोडलं ते मनाला लावून घेऊ नकोस. धरण तुंबवून ठेवता येत नाही एवढं मलाही कळतं. तू घाटापलीकडे एकटा कुढत बसला असशील या विचाराने मला हायस्कुलात रडू आलं. घर बुडालं त्याचं आलं नव्हतं.

पुढल्या वर्षी चातुर्मास बसायच्या आधी ये. सकाळी ये, साहेबांनाही आण. पाणी कुठून शिरतं आणि कुठवर चढतं ते आम्हाला चालत दाखव, आणि सुरक्षित जागा कुठं आहे तेही. ती जागा आत येईल एवढी शीव आम्ही धरू आणि मगच नियम घेऊ. मी सगळ्यांना विचारलंय, सगळ्या हो म्हणाल्या.

जीव सांभाळ आणि आमच्यावरचा लोभ आहे तसा राहू दे.
तुझी आत्या
आक्काताई