जुन्या यंत्राचा पत्ता काढण्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी (संगणक व नेटवर्क),
सार्वजनिक ग्रंथालय विभाग

विषय : डेटाबेस सर्व्हरच्या नेटवर्क सेटिंगमधील एक ओळ खोडणे व देवघेव खिडकीवरील लिपिक बाईंना दिलेली नोटीस मागे घेणे.
संदर्भ : आपले गेल्या हिवाळ्यातील पत्र, ज्याला मी उत्तर दिले नाही.

महोदय,

माझ्या आधीच्या तक्रारीवर संदर्भीय पत्रात आपण विचारले होते की, मी जन्मभर मुद्रितशोधक होतो, तर सर्व्हरमधले मला काय कळते ते लेखी कळवावे. प्रश्न रास्त वाटला. अनेकदा कागद पुढे ओढला आणि "फारसे काही नाही" एवढे लिहून थांबलो. आजही उत्तर तेच आहे. मात्र आपल्यालाही फारसे काही कळत नाही, हे मधल्या काळातील आपल्या आदेशांवरून ध्यानात आले आणि संकोच थोडा कमी झाला.

१. देवघेव खिडकीवर बसते ती माझी सून. नाते आधीच सांगतो, म्हणजे ते शोधण्याचे कष्ट आपल्याला पडणार नाहीत. नवा सर्व्हर आल्यापासून पुस्तकाचे नाव घातले की पडद्यावर नुसते चक्र फिरत राहते. वाचक खिडकीत कोपर टेकून उभे राहतात. "बाई, पुस्तक छापायला टाकलंय का?" असे एकाने विचारले, तेव्हा रांग हसली. सूनही हसली. घरी आल्यावर हसली नाही.

२. कारण कंत्राटदाराच्या तंत्रज्ञाला पहिल्याच भेटीत सापडले होते. मला समजले तसे सांगतो. चुकत असेन तर त्याला विचारावे. सर्व्हरकडे कोणी काही मागितले की तो आधी मागणाऱ्याचे नाव एका जुन्या यंत्राला विचारतो. ते यंत्र आपण भंगारात घातले, पण सर्व्हरला तसे कोणी कळवले नाही. तो विचारतो, वाट पाहतो, अखेर नाद सोडतो आणि मग पुस्तक शोधतो. शोधायला त्याला क्षणही लागत नाही. म्हणून तंत्रज्ञाने अहवालात लिहिले : "जुन्या यंत्राचा पत्ता काढावा, म्हणजे वेग येईल."

३. आपण पत्ता काढण्यासाठी समिती नेमली. 'पत्ता काढणे' म्हणजे ठावठिकाणा लावणे असाही अर्थ होतो, हे मान्य. असल्या शब्दांवरच माझे पोट चालले. पण वाक्याचे दोन अर्थ लागत असतील तर लिहिणाऱ्याला विचारतात. छापखान्यातला नवशिकाही एवढे करतो. समिती भंगारवाल्यांकडे हिंडली. यंत्र एका गॅरेजमध्ये सापडले; तिथला मेकॅनिक त्यावर उभा राहून माळ्यावरचे टायर काढतो. समितीने गॅरेजचा पत्ता जवळच्या खुणेसह सादर केला. त्यावर आपला शेरा आहे : "पत्ता काढण्यात आला. वेगात सुधारणा अपेक्षित."

४. सुधारणा झाली नाही. पडद्यावर 'प्रतिसाद नाही' असा संदेश वारंवार येऊ लागला, तेव्हा आपण वाट पाहण्याची मर्यादाच वाढवली. आता संदेश येत नाही. सर्व्हर भंगारातल्या यंत्राची वाट अधिक निष्ठेने पाहतो आणि आपल्या मासिक अहवालात त्रुटी शून्य असतात. हे शून्य सर्वस्वी आपले आहे. त्यात कोणी वाटा मागणार नाही.

५. उशिराला कोणीतरी धनी हवा, म्हणून नोटीस सुनेला आली : कामात दिरंगाई, सेवा समाप्त का करू नये? सोमवारी तिला खुलासा द्यायचा आहे. नोकरी कायम होण्याचे हे तिचे वर्ष. "यापुढे हात चपळ ठेवीन" असा खुलासा लिहून तिने तो शुद्धलेखनासाठी माझ्याकडे दिला. मी ऱ्हस्वदीर्घ तपासले. एकही चूक नव्हती. फक्त सगळा मजकूर खोटा होता. तो मी तिला परत दिलेला नाही.

६. तंत्रज्ञाला मी ग्रंथालयाच्या जिन्यात गाठले. तो म्हणाला, "आजोबा, एक ओळ खोडायची आहे हो. पण आता खोडली, तर मग यंत्र शोधलं कशाला, असं कोणीतरी साहेबांना विचारेल ना." म्हणजे माझ्या सुनेची नोकरी जाते आहे ती आपल्याला कोणी प्रश्न विचारू नये म्हणून.

तरी विनंती की, ती ओळ खोडण्याचा आदेश सोमवारपूर्वी द्यावा. चूक कबूल करण्याची गरज नाही. तेवढे मागण्याचा माझा वकूबही नाही. "काढलेला पत्ता काढून टाकावा" असे लिहावे. समितीचे कामही वाया गेले असे दिसणार नाही. वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, एवढ्यापुरती हमी मी देऊ शकतो.

आपला, शक्य तितका नम्र,
(सही)
सभासद व निवृत्त मुद्रितशोधक
दिनांक : टपालाच्या शिक्क्याप्रमाणे

सोबत : १. समितीच्या अहवालाची प्रत. २. सुनेचा खुलासा, रद्द समजावा.

ता.क. : हा अर्ज आपल्या संगणकीय तक्रार खिडकीतून पाठवून पाहिला. चक्र फिरत राहिले. तीही त्याच सर्व्हरवर आहे. "बाबा, राहू द्या, साहेब चिडतील," असे सून म्हणाली. पोस्टापर्यंत येताना मलाही तसेच वाटत होते. हे शब्द पोस्टाच्या खिडकीशी उभा राहून लिहितो आहे. शिक्का हातात धरून बाई थांबल्या आहेत, मागे रांग लागली आहे आणि हा उशीर मात्र खरोखर माझ्यामुळे होतो आहे. पाकीट चिकटवून देतो.