फादरांनी मागून घेतलेली बदली

पाटण

चि. आप्पासोस,
तुझ्या दाजींचा आशीर्वाद. तुझी तब्येत, डाळिंबाची बाग, सासरेबुवांचे गुडघे, सगळं ठीक असेलच. इकडे मला मात्र असा धक्का बसलाय, की कारगिलला (तिथे मी लंगरात भाकऱ्या भाजत होतो, ते सोड) बसला नव्हता. आमचे फादर हिलरी चालले! एकोणीस वर्षं वाडीवाडीला पायी हिंडून गोरगरिबांच्या जखमा धुणारा माणूस, आणि त्याची बदली थेट तुमच्या जतला!

बदली म्हटल्यावर आपल्याकडे काय करतात ते तुला सांगायला नको. आमदारांचं शिफारसपत्र घेतलं, जीप भरली आणि पुण्यात फादरांच्या वरिष्ठांपुढे जाऊन उभे राहिलो. त्यांनी पत्र दोनदा वाचलं, चहा पाजला आणि सांगितलं, की बदली फादरांनी स्वतःच मागितली आहे. माझ्या हातातला कप तसाच राहिला. अरे, जतला कुणी बदली मागून घेतं? (राग मानू नकोस.) एवढी वर्षं सैन्यात काढली, पण असा अर्ज पाहिला नाही. परत आलो तो तडक फादरांच्या खोलीवर. एक पिशवी, दोन शर्ट, एक छत्री; सामान बांधून तयार. आमचं काय चुकलं, म्हणून विचारलं. माणूस वसईचा, पण बोलणं आता आमचंच. म्हणाले, "काय बी चुकलं न्हाई. तिकडं कोण न्हाई, हितं तुमी हाय की." आणि कात्री, चिमटा, पट्ट्या माझ्या हातात दिल्या. माझ्या! तुझ्या बहिणीचा पाय शुगरनं वर्षभर चिघळलाय. फादर पट्टी सोडायला बसले, की मी म्हशीला पाणी दाखवायला जातो, हे अख्ख्या आळीला ठाऊक आहे. म्हैससुद्धा आता पाण्याला कंटाळली आहे.

असो. वडीलधाऱ्यांना नमस्कार.
तुझे दाजी,
हंबीरराव

ता. क. फादर सोमवारी तिथे पोचतील. मंगळवारीच त्यांच्याविरुद्ध तक्रार कर, म्हणजे परत पाठवतील. तक्रार कसली ते तूच ठरव. मी दोन दिवस डोकं खाजवलं, मला एकही सुचली नाही.

आणखी ता. क. पत्र टाकायचं राहिलं होतं. आज सकाळी तुझ्या बहिणीचा, धोंडूचा पाय मीच धुतला. ती भिंतीकडे तोंड करून रडायला लागली. दुखलं का विचारलं, तर म्हणाली, "न्हाई वं. तुमी हात लावशीला असं वाटलं नव्हतं." एकतीस वर्षांचा संसार झालाय, आप्पासो. मला लाज वाटली.

शेवटचं. तक्रार राहू दे. फादरांना फक्त एवढं विचारून कळव, की पट्टी गुंडाळायला सुरुवात कुठून करायची? माझी टाचेवरून सारखी सुटते.