पल्ल्याचं टोक

ता. ४ जानेवारी

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

पाकिटावर सवयीनं 'सौ.' लिहून मग खोडलंत, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. मला काही वाटलं नाही. तीच तर तक्रार आहे. हे गेल्यापासून मला कशाचंच काही वाटत नाही. लॉन्ड्रीच्या काउंटरवर उभी राहते, पावती बघते, इस्त्रीचा गठ्ठा गिऱ्हाइकाच्या हातात ठेवते आणि पुढच्याला बोलावते. दिवस जातो.

ठकीचं लग्न ठरल्या तारखेलाच होईल. विहीणबाई येऊन सगळं समजावून गेल्या. त्यांच्यात मामा मुलीला लाल चुडा भरतो, दूध-पाण्यात बुडवून काढलेला. आमचा दादा आत्तापासून घाबरलाय, तिचा हात सुजला तर शिव्या कोण खाणार म्हणतो. मग गुरुद्वाऱ्यात, गुरु ग्रंथसाहिबांसमोर, नवऱ्याच्या खांद्यावरच्या लांब वस्त्राचं टोक मुलीच्या हातात द्यायचं. त्या वस्त्राला पल्ला म्हणतात. तो धरून ती नवऱ्यामागून चार फेऱ्या घालते, त्या लावां.

टोक देतो मुलीचा बाप. आता ते मी द्यावं, असं विहीणबाई म्हणाल्या. मी नको म्हटलं. आतून काही हलत नसताना पोटची मुलगी द्यायची, म्हणजे आणखी एक गठ्ठाच की. धाकट्या भावोजींना सांगू का? तुम्ही म्हणाल तसं.

प्लास्टरमध्ये पाय खाजला तर विणायची सुई घालू नका. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
भावजय


ता. ११ जानेवारी

प्रिय वहिनीस,
अ. उ. आ.

सुई घातली. अडकली. डॉक्टरांची बोलणी खाल्ली. आता पुढचं ऐक.

धाकट्याला अजिबात सांगू नकोस. तो लग्नात फोटोसाठी पोट आत ओढण्यात इतका गुंग असतो, की पल्ला नवरीऐवजी करवलीच्या हातात देईल. ठकीला भाऊ आणि तू, दोघांनी वाढवलं. भाऊ नाही, तर तू. यात विचारायचं काय?

वाटत नाही म्हणतेस, तर मलाच कुठं वाटतंय? पाठचा भाऊ गेला आणि मी ब्लाउजांना हुक लावत बसलेय. शेजारीण म्हणाली, आत्या मोठी धीराची. धीर कसला, दगड झालेय. पण दगडालाही दोन हात असले तर ते पुढे करता येतात. तू फक्त हात पुढे कर.

मला येता येत नाही, म्हणून तू तरी सगळं नीट बघ आणि कळव. ओरडते म्हणून रागावू नकोस, जवळची म्हणूनच ओरडते.

तुझी,
वन्सं


ता. २० जानेवारी

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

बरं. देते मी.

ठकीला सांगितलं, तर तिनं नुसती मान हलवली आणि ओढण्यांना पिना लावत बसली. ती माझ्याकडे बघायचं टाळते. आईला आपण जातोय त्याचं काहीच नाही, असं तिला वाटत असणार. ते खोटं आहे, हे तिला कशाच्या जोरावर सांगू?

आशीर्वाद असू द्या.

तुमची,
भावजय


ता. २ फेब्रुवारी

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

लग्न लागलं. नीट बघ म्हणालात, पण माझ्या हातून घोटाळा झाला. दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच सांगते.

चुडा चांगला भरला. दादा घामाघूम झाला, ठकी हसली. सकाळी सगळे डोकं झाकून, अनवाणी सतरंजीवर बसलो. गाणाऱ्यांनी शबद, म्हणजे त्यांचं भजन, सुरू केला तशी विहीणबाईंनी मला खूण केली. मी जावईबापूंच्या खांद्यावरून आलेलं टोक उचललं आणि ठकीच्या हातात दिलं. तेव्हाही काही वाटलं नाही. झालं एकदाचं, असं म्हणून तिच्यामागेच बसले.

पहिल्या लांवेचं कडवं वाचून झालं. दोघं माथा टेकवून उठले आणि त्यांच्याबरोबर मीही उठले. वन्सं, टोक माझ्या मुठीतच होतं. ठकीनं धरलं होतं, पण मी सोडलंच नव्हतं. पुढे जावईबापू, मागे ठकी आणि तिच्यामागे मी. कडेनं तिचे चुलत-मामेभाऊ उभे होते, बहिणीला हात देऊन पुढे करायला. त्यांना वाटलं हीच रीत असेल. त्यांनी मलाही हात दिला. धाकटे भावोजी पोट सोडून बघत राहिले. ग्रंथ वाचणाऱ्या ग्रंथीबाबांनी पाहिलं आणि पुन्हा पानावर नजर वळवली. अख्खी फेरी मी घातली.

परत जागेवर आल्यावर ठकी माथा टेकायला वाकली आणि तशीच, मागे न बघता, माझी बोटं एकेक करून सोडवू लागली. अंगठा काही केल्या सुटेना. तेव्हा ती हळूच म्हणाली की आई, मला कळलं, आता सोड.

सोडलं. तळव्यात नखं रुतली होती, ती दुखायला लागली. दुखतंय हे कळलं आणि मी रडले. उरलेल्या तिन्ही फेऱ्या मला धड दिसल्या नाहीत.

तुम्हीही रडून घ्या आता. लोभ ठेवा, मला दुसरं कोण आहे.

तुमची,
भावजय