कार्डाची सोनेरी कड

१० मे १९९८, विटा

कॉम्प्युटरचं कार्ड आणलंच! सांगलीपासून एसटीत ओढणीत गुंडाळून मांडीवर धरलं होतं. दुकानात दोन होती. एक जुन्याच्या जागी बसणारं, दुसरं जुन्याशेजारी बसून फक्त खेळांची चित्रं काढणारं. दुकानदार सुमंत म्हणाला, "पहिलं बरं आहे. दुसरं बघून तोंडात बोट घालाल." दुसरं घेतलं.

हे सगळं आप्पांसाठी. तीस वर्षं मदुराईत गलाई केली, म्हणजे सोनं वितळवून शुद्ध करायचं काम — भट्टी आणि तेजाबाचा धूर. मिरजेच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, पुन्हा भट्टीपुढे बसलात तर जगणार नाही. आणि आप्पांनी मिरजेहून मदुराईकडच्या रेल्वेचं वीस तारखेचं तिकीट काढलंय! घरात करमत नाही म्हणे. करमलं ते एकदाच, माझ्या मोटारीच्या खेळात. पण जुन्या कार्डावर गाडी गचके खात चालते. "ह्यो डोंगर हाय का विटांचा ढीग?" म्हणून उठून गेले.

११ मे

सत्यानाश! आंघोळ करून येते तर आप्पांच्या एका हातात कार्ड, दुसऱ्या हातात कसोटीचा दगड. कार्डाची सोनेरी कड दगडावर घासून वर तेजाबाचा थेंब टाकलेला! चेहरा असा खुललेला की काय सांगू. "पोरी, खरं सोनं हाय गं! केसाहून पातळ, पर चोख."

हिसकावून घेतलं. बसवलं. पडदा काळा. काढून पुन्हा बसवलं — काळाच.

"मी नुसती कड टेकवली गं..."

मी काय बोलले! "जावा एकदाचे तुमच्या भट्टीकडं!"

१२ मे

आप्पांनी बॅग भरून दाराशी ठेवलीय.

१४ मे

सुमंतला फोन केला. तो म्हणाला, "दोन्ही कार्डांना जोडणारी आखूड वायर लावलीत ना?"

कसली वायर? खोका उपडा केला. थर्माकोलच्या खाली पडली होती बिचारी. चार दिवस! आप्पांनी काहीच बिघडवलं नव्हतं.

जोडली. आणि — बाई गं! डोंगर खरे डोंगर झाले. गाडीच्या टपावरून ढग सरकताहेत. घाट उतरला तर खाली तळं, तळ्यात ऊन हलतंय. माझे हात कीबोर्डवरून सुटले आणि गाडी कठड्यावर आपटली. मला रडूच आलं. एवढ्याशा पट्टीत हे सगळं मावतं कसं?

आप्पांना हाताला धरून आणलं. कितीतरी वेळ उभे राहून बघत होते. मग हळूच खुर्चीत टेकले.

"सोनं वितळलं की वर असंच हलतं बघ. तीस वर्सं बघितलं. पर हितं बघताना खोकला येत न्हाई."

"चुकले मी, आप्पा."

"व्हय, व्हय. गाडी कशी वळवायची ते दाव आधी."

१९ मे

रोज दोन-दोन तास खेळतात. पण बॅग दाराशी तशीच आहे. विचारायची छाती होत नाही.

२० मे

मिरजेची एसटी साडेनऊला सुटली. आई तीनदा म्हणाली, "आवं, आज तिकीट हाय न्हवं तुमचं?" आप्पांनी मान वर केली नाही. म्हणाले, "गप गं! फुडं दरी हाय."