बासष्टाव्या मिनिटाचा गोल

२ जानेवारी २०२५, गुरुवार. पहाटे ५.१०
संकल्प तीन. एक, चहा अर्धाच कप. दोन, मैदानाला रोज चार फेऱ्या. तीन, आमच्या नवयुवक फुटबॉल क्लबने राष्ट्रीय चषक जिंकला त्याचा अचूक इतिहास लिहून काढणे. गावातल्या डिग्रीवाल्यांकडून हे होणार नाही. मी दहावी नापास, पण तारीख आणि वेळ यांत पोंभुर्णा तालुक्यात माझा हात धरणारा कोणी नाही.
सरपंच रीताबाईंनी शब्द दिला आहे. २६ तारखेच्या ग्रामसभेत इतिहास वाचायचा. कोणाची हरकत नसेल तर मैदानाच्या गेटवर पाटी. वरची ओळ: राष्ट्रीय चषक विजेते, १९९७. खालची ओळ: विजयी गोल, गोपाल शेंडे.
अठ्ठावीस वर्षे झाली. गावात आलेल्या नव्या सुनांना मी फक्त पिठाच्या चक्कीवाला वाटतो.
फेऱ्या उद्यापासून. धुके आहे.

५ जानेवारी, रविवार
पहिले पान झाले. 'अखिल भारतीय खुले फुटबॉल सामने' असे मथळ्यात लिहिले. डिंपल (कन्या, बी.ए. दुसरे वर्ष) म्हणे, बाबा, हे अखिल भारतीय कसं? साऱ्या टीमा तं इथल्याच.
शांतपणे समजावले. संघ दहा. नऊ आपल्या दोन जिल्ह्यांतले, दहावा सिरोंच्याच्या नदीपलीकडचा. परराज्य. त्यांच्याशी तेलुगूत बोलावे लागले. मग राष्ट्रीय नाही तर काय?
डिंपल म्हणे, मग आपला बाजारही राष्ट्रीयच आहे, मिरचीवाला तिकडूनच येते.
कॉलेजात हेच शिकवतात.

९ जानेवारी. सकाळी ९.२०, तलावाची पाळ
बाबुलालभाऊची मुलाखत. तेव्हाचा आमचा कॅप्टन, आता तलावात मासे धरतो. जाळे विणत होता. वर पाहिलेच नाही. म्हणे, गोपाल, कप भेटला, पंचायतीच्या कपाटात आहे, झालं ना! काऊन उकरून राह्यला?
म्हटले, इतिहास उकरल्याशिवाय निघत नाही.
म्हणे, खेकडाही उकरल्याशिवाय निघत नाई. अन् निघाला का बोटच धरते.
अशिक्षित उत्तर. नोंद घेतली नाही. घेतली, पण पेन्सिलने.

१२ जानेवारी
आज गोलचे वर्णन. एका बैठकीत सहा पाने. ब्रह्मपुरीशी अंतिम सामना सुरू ४.००. हाफ टाइम ४.३५ ते ४.४५. गोल बासष्टाव्या मिनिटाला, घड्याळात ५.१२. गोल मारल्याबरोबर मी मनगट पाहिले होते. रोज रेडिओच्या बातम्यांना लावलेले घड्याळ, सेकंदाचा फरक नाही. 'ब्रह्मपुरीचा गोलकीपर कुठेच दिसला नाही, असा त्या शॉटचा वेग होता.' हे वाक्य दोनदा मोठ्याने वाचले. सुगंधा (पत्नी) स्वयंपाकघरातून म्हणे, कोणाशी भांडून राह्यले?
चहा पाऊण कप. लेखनाचे दिवस आहेत.

१६ जानेवारी
ब्रह्मपुरीच्या तेव्हाच्या कॅप्टनचा, सुनिलचा, नंबर मिळवला. फोन केला. प्रतिपक्षाची साक्ष असली की इतिहास पक्का होतो.
सुनिल म्हणे, कोणता गोल, भाऊ? आम्ही तं हाफ टाइमलेच निघून गेलो. मूलले जाणारी शेवटची जीप पाचची होती. ते चुकली असती तं तुमच्याच गावात मुक्काम, अन् थंडी काय होती बापा!
रात्री गोलची सहा पाने पुन्हा वाचली.

१७ जानेवारी. पहाटे ४.५५
सुचले! आपल्याकडे जीप घड्याळावर सुटत नाही, सीटा भरल्यावर सुटते. पाचची जीप साडेपाचच्या आत हलल्याचा दाखला नाही. म्हणजे ५.१२ ला ब्रह्मपुरीचा संघ मैदानावरच होता. उजाडल्यावर सुनिलला फोन.

त्याच दिवशी, ८.१५
सुनिल म्हणे, अकरा आम्ही, तीन बदलीवाले, एक मामा. आमच्यानंच जीप भरली. पावणेपाचलेच हाणली ड्रायव्हरनं.

२० जानेवारी
चक्की बंद ठेवून विचार केला. चूक कोठेही नाही. पंच त्या दिवशी स्पष्ट म्हणाले होते, शिट्टी होईस्तोर मॅच चालू, अन् गोल झाल्याबिगर कप देता येत नाई. आम्ही नियम पाळला. नवे वाक्य: 'प्रतिस्पर्ध्यांनी मैदान सोडले, तरी आमच्या संघाने खेळ सोडला नाही.' कीपरचे वाक्य तसेच ठेवले. तो दिसला नाही, हे खरेच आहे.
फेऱ्या: एकूण दोन. चहा: पूर्ण.

२६ जानेवारी, रविवार. दुपारी ३.४०
पाटी लागली. वरची ओळ आहे. खालच्या ओळीवर पेंटरने पांढरा रंग मारला. क्रमाने लिहितो.
झेंडावंदन ८.०५. ग्रामसभा ११.३०. वाचन एकोणीस मिनिटे. बासष्टाव्या मिनिटाचे वाक्य दोनदा वाचले. टाळ्या बऱ्या. रीताबाईंनी विचारले, कोणाची हरकत? हरकती: शून्य.
मग बाबुलालभाऊ उठला. माझ्या बाजूने उठला, हे मान्य केले पाहिजे. म्हणे, हरकत कायची? लावा पाटी. गोलात कोणी नव्हतं तरी ह्यानं पहिले दोन बाहेर मारले, पण पठ्ठ्यानं हिंमत नाई सोडली. तिसरा घातलाच!
सभा हसली. सुगंधाही हसली, पदर तोंडाला लावून. रीताबाईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, चला, हात वर करा, मंजूर करून टाकू. हात वर व्हायलाही लागले होते. मी गप्प बसलो असतो तर झाले असते.
पण सभेच्या इतिवृत्तात चुकीची नोंद जाणार होती. मी उभा राहिलो आणि दुरुस्ती सांगितली: दोन नाही, चार बाहेर गेले. पाचवा आत.