डाव्या पायाचं लंगडणं

२ ऑक्टोबर २००३, गुरुवार. सकाळी ६
आजपासून नवा मी. सुट्टीचा दिवस मुद्दाम निवडला. नाशिकजवळ एका धरणावर १८ जानेवारीला ट्रायथलॉन आहे. आधी पोहायचं, मग सायकल, मग पळायचं, मध्ये कुठे बसायचं नाही. नाव पाठवलं.

कारण: मागच्या शनिवारी कल्याणला गेलो होतो. रोहिणी तिथे शाळेत शिकवते, लेक चंदना तिच्याजवळ. मी पाच वर्षं जव्हारला भाड्याच्या खोलीत आणि मोखाड्याच्या ऑफिसात. तीन मजले चढून दार वाजवलं आणि पहिला शब्द बोललो तो पाणी, चहा, बिस्किटं झाल्यावर. रोहिणीने फक्त पंखा पाचवर केला.

बदलीचा अर्ज गेलाय. डाव्या गुडघ्याची झीज, डोंगराळ भागात काम करणे अशक्य. मे महिन्यात कायमचा कल्याणला जाईन तेव्हा बायकोने मला ओळखता कामा नये.

संध्याकाळी ६
पळणं उद्यापासून. आज नियोजन झालं. अर्धं काम तेच असतं.

६ ऑक्टोबर
पळालो! सनसेट पॉइंटच्या रस्त्याने. वाटेत फागी भेटली, मोळी घेऊन बाजाराला निघालेली म्हातारी. विचारते, तुझ्या मागं कोण लागलाय? म्हटलं, कोणी नाही. मग पळतोस कशाला? उत्तर द्यायला श्वास नव्हता. परत येताना तिच्याबरोबर चाललो. ती पुढे होती. पण तिला रोजची सवय आहे.

९ ऑक्टोबर
विश्रांती. (काल, परवाही.) पुस्तकात स्पष्ट लिहिलंय की स्नायू विश्रांतीत वाढतात.

ऑफिसात डाव्या पायाने लंगडणं चालू आहे. अर्जाला शोभेल असं दिसायला हवं. माझं टेबल वरच्या मजल्यावरून खाली आणलं. तुळशीदास शिपाई पाय ठेवायला स्टूल देतो. ट्रायथलॉन आणि गुडघा यांत विरोध अजिबात नाही. ऑफिस दहा ते पावणेसहा. गुडघा त्या वेळेत दुखतो.

१३ ऑक्टोबर
जव्हार ते मोखाडा सायकलने ऑफिसला. गावाच्या अलीकडच्या वळणावर थांबून पांड्याच्या जीपवर सायकल टाकली आणि ऑफिससमोर दाराला धरून उतरलो. पांड्या म्हणाला, साहेब, आता तर पॅडल मारत होतात ना? सांगितलं, हा आजार असाच आहे, अचानक येतो. त्याने मान हलवली. त्याच्या मेव्हण्यालाही आहे म्हणे, नांगरणीच्या दिवसांत येतो.

वाटेत ओळखीचं माणूस दिसलं की फक्त उजव्या पायाने पॅडल मारायचं, डावा नुसता ठेवायचा. माझं स्वतःचं तंत्र. सगळा रस्ता ओळखीचा आहे.

२५ ऑक्टोबर, कल्याण
लक्ष्मीपूजन. चिवडा, शंकरपाळे, चकली. कार्बोहायड्रेट्स. रोहिणीने विचारलं, बदली नक्की ना? नक्की म्हटलं. चंदनाला तिने सांगूनही टाकलंय की जूनपासून बाबा शाळेत सोडायला येणार. चंदनाने तेवढ्यात दोन शेजाऱ्यांना सांगितलं.

तीन मजले चढून आल्यावर या वेळी पाण्याआधी बोललो. ‘पाणी’ म्हणालो. प्रगती आहे.

९ नोव्हेंबर, रविवार
पोहण्याचा श्रीगणेशा. दाभोशाला नदीवर. पोहणं म्हणजे पाण्याशी मैत्री. आज ओळख झाली, कमरेपर्यंत. एका जागी उभा राहून हात मारण्याचा सराव केला. जवळच्या शेतातला मंगळू भात झोडायचं सोडून काठावर येऊन बसला. बराच वेळ बघून त्याने विचारलं, साहेब, काय पडलाय का पाण्यात? सांगा, मी काढून देतो.

डोकं पाण्याखाली घालायचं पुढच्या रविवारी ठरवलं आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार
थंडी. पाणी थंड असताना पोहू नये.

२४ नोव्हेंबर
उजवा गुडघा दुखतोय. डावा नाही, उजवा. अर्जाशी काही संबंध नाही, त्यामुळे काळजीचं कारण नाही. बहुधा बूट.

१ डिसेंबर
बूट बदलले. उजवा सुजलाय. जिना उतरताना हाय म्हणावंसं वाटतं. आज ऑफिसात विसरून उजव्या पायाने लंगडलो. तुळशीदास फाइल देण्याच्या निमित्ताने वाकून कानात म्हणाला, साहेब, डावा, डावा. मोठे साहेब बघतायत. गुणी माणूस आहे. लगेच डाव्यावर आलो. म्हणजे सगळा भार उजव्यावर. डोळ्यात पाणी आलं. मोठे साहेब म्हणाले, फारच त्रास होतोय तुम्हाला. म्हटलं, फार.

अभिनय जमायला लागला.

१५ डिसेंबर
१० फेब्रुवारीला ठाण्याला मेडिकल बोर्ड. तीन डॉक्टर गुडघा तपासणार. त्यांच्या शेऱ्यावर बदली. फोनवर रोहिणीला सांगितलं. तिने विचारलं, तोपर्यंत हे पळणं थांबवलं तर? समजावलं, पळणं हे मुख्यतः छातीचं काम आहे.

५ जानेवारी २००४
आढावा. पळणं: चांगलं, सूज असेल ते दिवस सोडून. सायकल: उत्तम. पोहणं: फक्त डोकं राहिलंय. फागीने गुडघ्याला कसलासा पाला बांधून दिला आणि म्हणाली, आता बस घरी. तिला ध्येय म्हणजे काय ते कसं सांगणार?

१८ जानेवारी, रविवार. धरण
पोहणं: सुरुवात फार जोरात. काठावरून टाळ्या. त्यानंतर खाली माती लागेनाशी झाली. उरलेलं अंतर बचाव पथकाच्या बोटीतून. बोटीतली मुलं सौजन्याने वागली, एकाने टॉवेल दिला. संयोजक म्हणाले, काका, आता थांबा. थांबलो नाही. हट्टाने सायकल घेतली. पहिल्या चढावर उजव्या गुडघ्यातून आवाज आला, कोणी सुपारी फोडावी तसा. पुढचं ॲम्ब्युलन्समधून. ॲम्ब्युलन्सचा वेग धरला तर सायकलिंगमध्ये पहिल्या पाचात येतो.

पळणं पुढच्या वर्षी.

२ फेब्रुवारी
उजवा पाय टेकववत नाही. ऑफिसात तरीही डाव्यानेच लंगडतो. आठच दिवस काढायचे आहेत. तुळशीदास सोडून कोणाला कल्पना नाही. तो विचारतो, साहेब, खरा दुखतोय तोच सांगून टाकला तर? शिपायाला अर्जातली भाषा कळत नाही. अर्जात डावा आहे.

१० फेब्रुवारी, ठाणे
बोर्ड झालं. तीन डॉक्टर, मधला तरुण. त्याने डावा गुडघा वाकवला, फिरवला, ठोकला. मी प्रत्येक ठिकाणी वेळेवर कण्हलो. मग त्याने डावी पोटरी दाबली आणि विचारलं, खेळता का काही? या वयात असा स्नायू बघायला मिळत नाही.

सव्वाचार महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी काही बरं बोललं. चंदनासुद्धा नाही, रोहिणीसुद्धा नाही. मी सांगितलं, ट्रायथलॉन. तो स्वतः पळतो म्हणे! सकाळची नाडी सांगितली. धरणाचं सांगितलं, बोट वगळून. तो उठून उभा राहिला. बाकीचे दोघे लिहीत होते. शेवटी म्हटलं, खरा त्रास तसा उजव्याला आहे. ते दोघे म्हणाले, अर्जात डावा आहे.

शेरा: डावा गुडघा उत्तम. डोंगराळ भागात काम करण्यास योग्य. ‘उत्तम’ सहसा लिहीत नाहीत म्हणे. तरुण डॉक्टरने हात मिळवला. येताना एसटीत बराच वेळ बरं वाटत होतं. वाड्याच्या पुढे बरं वाटेनासं झालं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार. संध्याकाळ
मोठ्या साहेबांनी बोलावलं. बदली रद्द. गुडघ्याच्या कारणाने आता तीन वर्षं अर्ज करता येणार नाही. डावा किंवा उजवा.

एसटीडी बूथवरून रोहिणीला सांगितलं. ती चिडेल असं वाटलं होतं. चिडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, चंदनासाठी रिक्षा लावावी लागेल मग. जूनपासून. मी हो म्हटलं. तिने विचारलं, गुडघा खरंच दुखतो का हो? खरंच म्हटलं. मग म्हणाली, दर शनिवारी येऊ नका आता. तीन मजले चढायचे असतात. महिन्यातून एकदा आलात तरी चालेल.

तिने हे रागाने म्हटलं नाही. फार वाईट वाटलं. चंदनाला फोन द्यायला सांगणार होतो, पण मागे लोक थांबले होते.

बूथपासून खोलीपर्यंत लंगडत आलो. रस्त्यात ऑफिसचं कोणीही नव्हतं.